रक्ताचे नाते आणि मुंबईचा रक्तगट

उर्दूत ‘खून’ म्हणजे रक्त. मराठीत ‘खून’ म्हणजे हत्या. दोन्ही भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हा फरक रोज भेटतो. उर्दूच्या तासाला ‘खून का रिश्ता’ म्हटले की मुलांना आई-बाप, भाऊ-बहीण आठवतात. मराठीच्या तासाला नुसता ‘खून’ शब्द फळ्यावर लिहिला तरी मागच्या बाकावरून पोलीस, कोर्ट, फाशी असे शब्द येतात. शब्द एकच, फारसीतून आलेला. एका भाषेत तो नाते सांगतो, दुसऱ्या भाषेत नात्याचा शेवट.

आपल्याकडे ‘रक्त’ या शब्दावर फार मोठे ओझे लादलेले आहे. खानदानी रक्त, आपल्या जातीचे रक्त, परक्यांचे रक्त, शुद्ध रक्त, मिसळलेले रक्त. निवडणुकीच्या सभेत हे शब्द येतात, सोयरीक जुळवतानाही येतात. म्हणून आज मी रक्ताचा एक खरा इतिहास सांगणार आहे. तो आपल्या महाराष्ट्रातला आहे, मुंबईतला आहे आणि जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत मुंबईच्याच नावाने नोंदला गेला आहे. गंमत अशी की परदेशातल्या डॉक्टरांना तो पाठ असतो आणि आपल्या पुसद, दिग्रस, उमरखेड, नेर, दारव्ह्यातल्या शिकलेल्या माणसांनासुद्धा तो क्वचितच ठाऊक असतो.

गोष्ट समजायला थोडे मागे जावे लागेल. एका माणसाचे रक्त दुसऱ्याला देऊन जीव वाचवता येईल, ही कल्पना जुनी आहे. १६६७ मध्ये पॅरिसमध्ये ज्याँ-बातिस्त दनी या डॉक्टराने एका मुलाच्या अंगात कोकराचे रक्त घातले होते. पुढे माणसाचे रक्त माणसाला देण्याचे प्रयोग झाले. काही रोगी वाचले, काही तडफडून मेले. कोण वाचेल आणि कोण मरेल, हे कुणालाच सांगता येत नव्हते. लोक त्याला नशीब म्हणत.

या नशिबामागचा नियम व्हिएन्नातल्या कार्ल लँडस्टायनर यांनी शोधला. १९०१ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केले त्याची पद्धत आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतही समजावी इतकी साधी होती. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांचे आणि स्वतःचे रक्त घेतले, लाल पेशी आणि वरचा पिवळसर द्रव म्हणजे सीरम वेगळे केले, आणि प्रत्येकाच्या पेशी प्रत्येकाच्या सीरममध्ये मिसळून पाहिल्या. काही जोड्यांत काहीच झाले नाही. काही जोड्यांत पेशींच्या गाठी झाल्या, दूध नासल्यावर होतात तशा. या गाठींच्या तक्त्यावरून त्यांनी माणसांचे गट पाडले. आज आपण त्यांना ए, बी आणि ओ म्हणतो. चौथा एबी गट पुढच्याच वर्षी इतरांनी शोधला. १९३० मध्ये लँडस्टायनर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १४ जून हा त्यांचा जन्मदिवस, म्हणूनच तो जागतिक रक्तदाता दिन आहे.

इथे एक प्रश्न पडायला हवा. ज्याला आयुष्यात कधी परक्याचे रक्त दिलेले नाही, त्याच्या शरीरात परक्या रक्ताविरुद्धची हत्यारे आधीपासून तयार कशी? ए गटाच्या माणसाच्या सीरममध्ये बी-विरोधी प्रतिपिंडे असतात. त्याने तर बी रक्त कधी पाहिलेलेही नसते. याचे उत्तर आपल्या आतड्यात आहे. तिथे राहणाऱ्या काही जंतूंच्या अंगावर ए आणि बी खुणांसारख्याच साखरेच्या साखळ्या असतात. बाळ जन्मते, जंतू त्याच्या पोटात वस्ती करतात, आणि शरीर शिकू लागते. जी खूण स्वतःच्या अंगावर आहे तिला ते सोडून देते, जी नाही तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. १९५९ मध्ये स्प्रिंगर आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या पिलांवर हे तपासले. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या पिलांत बी-विरोधी प्रतिपिंडे तयार झाली नाहीत, साध्या वातावरणातल्या पिलांत झाली. म्हणजे आपले शरीर ज्याला ‘परके’ म्हणते, ते जन्मतःच ठरलेले वैर नसते. अंगावरची खूण आई-बापाकडून येते. त्या खुणेवरून कुणाला परके मानायचे, हे शरीर नंतर शिकते.

हे गट वंशपरंपरेने येतात, हे फॉन डुंगेर्न आणि लुडविक हिर्झफेल्ड यांनी १९१० मध्ये दाखवले. या हिर्झफेल्ड यांची पुढची हकीकत आपल्याशीही जोडलेली आहे. पहिल्या महायुद्धात ते आणि त्यांच्या पत्नी हान्ना, दोघेही डॉक्टर, ग्रीसमधल्या सालोनिका आघाडीवर होते. तिथे दोस्त राष्ट्रांच्या फौजेत जगभरचे शिपाई जमले होते : इंग्रज, फ्रेंच, इटालियन, रशियन, आफ्रिकेतले, आणि ब्रिटिश फौजेतले आपले हिंदी शिपाईसुद्धा. या दांपत्याने हजारो माणसांचे रक्तगट तपासले आणि १९१९ मध्ये निष्कर्ष छापले. इंग्रजांत बी गट सुमारे ७ टक्के, तर हिंदी शिपायांत सुमारे ४१ टक्के. ए गटाचे नेमके उलट. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी होती. चारही गट प्रत्येक देशात सापडले. कमी-जास्त प्रमाण होते, पण ‘फक्त आमचा’ असा एकही गट कुणाकडे नव्हता.

पुढे युरोपातल्या वंशवाद्यांनी याच आकड्यांचा आधार घेऊन ‘श्रेष्ठ रक्त’ आणि ‘हीन रक्त’ अशी दुकाने मांडली. स्वतः हिर्झफेल्ड ज्यू घराण्यात जन्मलेले होते, धर्माने पुढे कॅथलिक झालेले. नाझींना त्याचे सोयरसुतक नव्हते. १९४१ मध्ये त्यांना वॉर्साच्या घेट्टोत डांबण्यात आले. तिथेही ते चोरून वैद्यकशास्त्र शिकवत राहिले. रक्तगटांच्या वारशाचा नियम सांगणाऱ्या माणसालाच रक्ताच्या नावाखाली कोंडले गेले. अमेरिकाही मागे नव्हती. तिथे रेड क्रॉस दुसऱ्या महायुद्धात काळ्या आणि गोऱ्या दात्यांचे रक्त वेगळे ठेवत असे. ती पद्धत १९५० पर्यंत चालली. कोणत्याही प्रयोगशाळेत त्या दोन बाटल्यांतला फरक दाखवता आला नसता.

आता मुंबईकडे येऊ. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत रक्तगटांवर गंभीर काम सुरू झालेले होते. डॉ. व्ही. आर. खानोलकर आणि एल. डी. संघवी यांनी मुंबईतल्या सहा अंतर्विवाही समूहांची सात जनुकीय लक्षणे तपासून छापली होती. जाती-जातींत बंदिस्त लग्ने होणारा आपला समाज म्हणजे जनुकशास्त्राला आयतीच मिळालेली प्रयोगशाळा, हे त्यांनी ओळखले होते.

अशा वातावरणात डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांच्यासमोर एक कोडे आले. रेल्वे अपघातात जखमी झालेला एक माणूस आणि भोसकला गेलेला दुसरा एक माणूस, अशा रोग्यांना रक्त हवे होते. पेशी तपासल्या तर त्या ए-विरोधी सीरममध्ये गोठत नव्हत्या, बी-विरोधी सीरममध्येही गोठत नव्हत्या. म्हणजे सरळसरळ ओ गट. पण ओ गटाचे रक्त रोग्याच्या सीरमबरोबर जुळवून पाहिले की त्या ओ पेशींच्याच गाठी होत! ओ गटाला ओ गट चालत नाही, हे कोणत्याच पुस्तकात नव्हते. कुणी घाईच्या माणसाने ‘सीरम खराब असेल, पुन्हा करा’ म्हणून कागद फाडला असता. या तिघांनी तसे केले नाही.

त्यांनी नमुने लंडनला पाठवले. तिथल्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट रेस आणि रूथ सँगर हे रक्तगटांचे जगातले सर्वांत मोठे जाणकार होते. वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स हे रक्तगटांच्या रसायनशास्त्राचे जाणकारही तिथेच होते. १९५२ मध्ये या सातही जणांच्या नावाने ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक छोटासा लेख आला. शीर्षकाचा अर्थ असा : एबीओ पद्धतीशी संबंधित एक ‘नवे’ रक्तगट-लक्षण. ‘नवे’ हा शब्द त्यांनी अवतरणचिन्हात टाकला होता. लेखात तीन व्यक्तींची नोंद होती. त्यांच्या पेशींवर ए नाही, बी नाही, आणि जी खूण जगातल्या जवळपास प्रत्येकाच्या पेशीवर असते ती ‘एच’ खूणही नाही. सीरममध्ये मात्र तिन्हींविरुद्ध प्रतिपिंडे. जगाने या गटाला ‘बॉम्बे’ हेच नाव दिले. शहराचे नाव १९९५ मध्ये मुंबई झाले, रक्तगटाचे मात्र बॉम्बेच राहिले.

या कोड्याची उकल घराच्या बांधकामासारखी आहे. लाल पेशीच्या बाहेर साखरेच्या लांब साखळ्या लटकत असतात. एच जनुकाने बनवलेले विकर त्या साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची साखर जोडते. हे झाले जोते. या जोत्यावर ए जनुकाचे विकर एक साखर बसवते, बी जनुकाचे विकर दुसरी. एबी माणसात दोन्ही कामे होतात. ओ माणसात वरचे बांधकाम होत नाही, जोते तसेच उघडे राहते. म्हणून ओ माणसाच्या पेशीवर काहीच नसते ही समजूत चुकीची आहे. तिथे जोते असते, आणि ते सर्वांच्या ओळखीचे असल्याने त्याला कुणी विरोध करत नाही. म्हणून तर ओ हा ‘सर्वांना चालणारा’ दाता म्हणून ओळखला जातो. बॉम्बे गटाच्या माणसाकडे जोतेच नाही. जनुकात ए किंवा बी असले तरी मजला कशावर उभा राहणार? आणि ज्याच्या अंगावर जोतेच नाही त्याच्या शरीराला दुसऱ्याचे जोते परके वाटते. म्हणून त्याला ए, बी, एबी आणि ओ, सगळेच परके. त्याला फक्त बॉम्बे गटाच्याच माणसाचे रक्त चालते. तो स्वतः मात्र एबीओच्या हिशेबाने इतरांना रक्त देऊ शकतो.

पुढचा धागा १९५५ मध्ये अमेरिकेत फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी पकडला. एका कुटुंबात त्यांना असे दिसले की ओ वाटणाऱ्या बाईकडून मुलात बी गट आला होता. म्हणजे तिच्याकडे बी जनुक होता, फक्त झाकलेला होता. १९९० मध्ये एच जनुक आणि एबीओ जनुक, दोन्ही शोधून वाचले गेले. ए आणि बी यांच्या विकरांत केवळ चार अमिनो आम्लांचा फरक निघाला. नेहमीचा ओ म्हणजे त्या मजकुरातले एक अक्षर गळालेले. आणि भारतातल्या बॉम्बे गटाच्या लोकांत एच जनुकातल्या ७२५ व्या जागेवर एक अक्षर बदललेले आढळते. उर्दूत एक नुक्ता इकडचा तिकडे झाला की ‘खुदा’चा ‘जुदा’ होतो, हे माझ्या विद्यार्थ्यांना पक्के ठाऊक आहे. जनुकातही तसेच, एका अक्षरावर एवढे सगळे अवलंबून.

या शोधातून तीन गोष्टी थेट आपल्या घरापर्यंत येतात, आणि त्यासाठीच हा लेख आहे.

पहिली गोष्ट बाईच्या इभ्रतीची. रक्तगटाचा तक्ता आता मोबाइलवर कुणालाही सापडतो. आई ओ, बाप ओ आणि मूल बी, असे दिसले की लोकांच्या डोळ्यांत संशय येतो. कुजबुज होते, घरे मोडू शकतात. पण आई किंवा बाप बॉम्बे गटाचा असेल तर असे मूल पूर्णपणे त्याच दोघांचे असू शकते. झाकलेला बी मुलात उघड झाला, एवढाच अर्थ. त्याहून नेहमीचे कारण म्हणजे गट तपासताना किंवा लिहिताना झालेली चूक. शाळेच्या ओळखपत्रावर पालकांनी अंदाजे लिहिलेला गट वर्षानुवर्षे तसाच पुढे जातो, हे प्रत्येक वर्गशिक्षकाला माहीत आहे. एका छापील तक्त्यावरून कुणाच्या आईवर बोट उचलणे हे अडाणीपण आहे. आपल्या धर्मात तर पुराव्यावाचून पाकदामन स्त्रीवर तोहमत ठेवणे हे मोठ्या गुन्ह्यांत मोजले जाते. इथे विज्ञानही तेच सांगते : थांबा, आधी तपासा.

दुसरी गोष्ट नात्यातल्या लग्नांची. बॉम्बे गट होण्यासाठी आई आणि बाप दोघांकडून बिघडलेला एच जनुक यावा लागतो. मुंबईत भाटिया आणि साठे यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे ७,६०० माणसांमागे एक असे प्रमाण निघाले. युरोपात ते दहा लाखांत एक मानले जाते. हा फरक का? एक कारण हा बदललेला जनुक आपल्या भागात अधिक आहे, आणि दुसरे कारण आपल्या लग्नाच्या पद्धती.

गणित करून पाहू. समजा एखाद्या बिघडलेल्या जनुकाचे प्रमाण शंभर प्रतींत एक आहे. अनोळखी घराण्यांत लग्न झाले तर मुलाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा हजारांत एक. नवरा-बायको सख्ख्या भावंडांची मुले असतील तर एकाच आजा-आजीची तीच प्रत दोन्ही बाजूंनी फिरून मुलात भेटू शकते. हिशेब केला तर शक्यता सुमारे चौदाशेत एक होते. म्हणजे सातपट. एका लग्नाकडे पाहिले तर धोका अजूनही लहान आहे, बहुतेक मुले निरोगीच जन्मतात. पण पिढ्यान् पिढ्या त्याच चार घरांत सोयरिकी होत राहिल्या तर तो साचत जातो.

हे वाचून कुणी ‘पाहा, मुसलमानांत असेच असते’ म्हणून टाळी वाजवू नये. चुलत-मावस भावंडांचे निकाह आपल्याकडे होतात हे खरे. पण मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, ही रीत महाराष्ट्रातल्या कितीतरी हिंदू जातींत आहे. आणि पोटजातीबाहेर न जाणे हेही लांबून नात्यातच लग्न करणे आहे. दुसऱ्या बाजूला, आपल्या काही लोकांना नात्यातल्या निकाहाबद्दल बोललेच तर शरियतवर हल्ला वाटतो. इस्लामने हे निकाह जायज ठरवले आहेत, फर्ज नाही. जायज गोष्टींतून आपल्या भल्याची निवडण्याची अक्कल वापरायला कुणी मनाई केलेली नाही. बॉम्बे गट स्वतः आजार नाही, असा माणूस आयुष्यभर ठणठणीत असतो. पण थॅलेसेमिया आणि सिकलसेलचा वारसाही याच नियमाने चालतो, आणि ते आजार मात्र घर पोखरतात. विदर्भात सिकलसेल काय असते हे वेगळे सांगायला नको. १९५८ मध्ये नागपूरचे शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्येच केली होती. आज यवतमाळ जिल्ह्यातल्या कोलाम, गोंड पाड्यांपासून गावठाणांतल्या वस्त्यांपर्यंत त्याचे रुग्ण आहेत. लग्नाआधी एक साधी रक्ततपासणी केली तर पत्रिका जुळवण्यापेक्षा किंवा हड्डी-खानदान पाहण्यापेक्षा जास्त उपयोग होईल.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती ‘रक्ताच्या नात्या’वर आहे. बॉम्बे गटाच्या माणसाला रक्त लागले तर कोण देऊ शकेल? त्याचे आई-बाप? बहुतेक वेळा नाही. त्यांच्याकडे एक चांगला एच जनुक असतो, म्हणून त्यांच्या पेशींवर जोते असते आणि त्यांचे रक्त त्यांच्याच लेकराला विषासारखे ठरते. त्याची मुले? बहुधा नाही, कारण त्यांना दुसऱ्या पालकाकडून चांगला जनुक मिळालेला असतो. सख्ख्या भावंडांत चारात एक शक्यता असते. ती हुकली की मग जगात कुठेतरी असलेला एक अनोळखी माणूसच त्याला वाचवू शकतो. तो कोणत्या जातीचा, धर्माचा, भाषेचा असेल हे सांगता येत नाही. आफ्रिकेजवळच्या रेयुनियन बेटावरच्या भारतीय वंशाच्या लोकांतही हाच ७२५ व्या जागेचा बदल सापडला आहे. समुद्रापार मजुरीला गेलेल्यांबरोबर तो तिथे पोचला.

अवयव आणि अस्थिमज्जा देताना हीच कहाणी आणखी गुंतागुंतीची होते. तिथे लाल पेशींपेक्षा पांढऱ्या पेशींवरच्या खुणा महत्त्वाच्या. १९५८ मध्ये फ्रान्सच्या ज्याँ दोसे यांनी त्यातली पहिली खूण शोधली. आज ही सगळी व्यवस्था एचएलए नावाने ओळखली जाते, तिचे जनुक सहाव्या गुणसूत्रावर असतात आणि त्यांचे हजारो प्रकार माहीत झाले आहेत. दोसे यांना १९८० मध्ये नोबेल मिळाले. ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७४ मध्ये दाखवले की आपल्या रक्षक पेशी नुसता परका ओळखत नाहीत. त्या ‘आपली’ खूण आणि तिच्यावर आलेला परका तुकडा, दोन्ही एकत्र वाचतात. या खुणांत इतके वैविध्य का? कारण एखादा नवा जंतू आला आणि सगळ्या माणसांच्या खुणा सारख्याच असल्या, तर एकाला फसवणारा जंतू सगळ्यांनाच फसवील. वेगळेपणा ही इथे दुफळी नाही, मानवजातीचा विमाच आहे. इथेही सख्ख्या भावंडांत जुळणी होण्याची शक्यता चारात एक. आई-बाप बहुतेक अर्धेच जुळतात.

आणखी एक तपशील आपल्या वाचकांना आवडेल. भाटिया पुढे मुंबईतल्या रक्तगट संदर्भ केंद्राचे प्रमुख झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५७ मध्ये सुरू केलेले हे केंद्र आज राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था म्हणून परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात आहे. तिथे १९७३ मध्ये बडाकेरे, जोशी, भाटिया आणि सहकाऱ्यांनी एक नवी खूण शोधली. ती मुंबईतल्या तीन-चार टक्के लोकांत होती आणि तोवर युरोपात माहीत नव्हती. म्हणून तिला ‘इंडियन’ रक्तगट असे नाव मिळाले. पुढे तपासले तर अरब आणि इराणी लोकांत तिचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे आपल्यापेक्षाही जास्त निघाले. आता या ‘भारतीय’ खुणेचे कुणी काय करायचे? ज्यांना अरबी रक्ताचा टेंभा मिरवायचा आहे त्यांनी फार खूश होऊ नये. भारतीय मुसलमानांच्या जनुकीय अभ्यासांत हेच दिसले आहे की आपला बहुतांश वारसा शेजारच्या हिंदूंसारखाच आहे, बाहेरचा अंश थोडा. आणि ज्यांना आपल्याला परके ठरवायचे आहे त्यांनीही खूश होऊ नये. रक्ताच्या खुणा व्यापाराच्या वाटांनी, समुद्राने, मजुरीने, लग्नांनी सरहद्दींच्या दोन्ही बाजूंना पसरल्या आहेत. त्या कुणाचाही पासपोर्ट पाहत नाहीत.

आता व्यवहाराचे बोलू. बॉम्बे गटाचा माणूस साध्या तपासणीत ओ म्हणूनच नोंदला जातो, कारण अनेक शिबिरांत फक्त पेशी तपासतात. सीरमची उलट तपासणी केली तर भेद उघडतो. ओ-चे सीरम ओ पेशींना हात लावत नाही, बॉम्बेचे लावते. युलेक्स नावाच्या युरोपीय काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क एच खूण ओळखतो. तो घालून खात्री करता येते. म्हणून आपल्या नातेवाइकाला रक्त देताना ओ गटाच्या एकामागून एक पिशव्या क्रॉसमॅचमध्ये जुळत नसतील तर आरडाओरडा करण्याऐवजी ‘बॉम्बे गटाची तपासणी केली का?’ हे डॉक्टरांना शांतपणे विचारा. रक्तपेढी क्रॉसमॅचला वेळ लावते म्हणून वैतागू नका. त्याच अर्ध्या-पाऊण तासात जीव वाचतो. ज्यांचा हा गट आहे हे कळले, त्यांनी भावंडांची तपासणी करून घ्यावी, दुर्मिळ दात्यांच्या यादीत नाव द्यावे, आणि ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी स्वतःचेच रक्त साठवून ठेवता येते का हे विचारावे. साठवलेले रक्त साधारण पाच आठवडेच टिकते. धामणगावहून किंवा बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीने मुंबईला निघेपर्यंत वेळ हातात असेलच असे नाही. यादी आधी तयार असली पाहिजे.

आपल्या जिल्ह्यात ईद-ए-मिलादला रक्तदान शिबिरे होतात, शिवजयंतीला होतात, १४ एप्रिललाही होतात. प्रत्येकाचा मंडप वेगळा, बॅनर वेगळे. पण त्या सगळ्या पिशव्या शेवटी रक्तपेढीच्या एकाच फ्रिजमध्ये, गटाच्या क्रमाने ठेवल्या जातात. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मध्यरात्री आणलेल्या बाळंतिणीला त्यातली कोणती पिशवी लागेल, हे बॅनर लावणाऱ्यांपैकी कुणालाच सांगता येणार नाही. पिशवीवर गट, तारीख आणि क्रमांक असतो, दात्याचे नाव नसते, आणि ते नसणेच योग्य आहे.

माझी वाचकांना आणि विशेषतः आपल्या तरुणांना एवढीच विनंती आहे. पुढच्या शिबिरात रक्त द्याल तेव्हा आपला गट अंदाजाने सांगू नका, तपासून घ्या आणि पेशी व सीरम दोन्ही तपासले का ते विचारा. घरातल्या मुलींना आणि मुलांना निकाह ठरण्याआधी सिकलसेल-थॅलेसेमियाची तपासणी करू द्या. आणि पुढे कुणी आपल्यासमोर ‘आमचे रक्त, तुमचे रक्त’ अशी भाषा केली, तर त्याला भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांची ही गोष्ट सांगा. ज्या तिघांच्या रक्तावरून मुंबईचे नाव जगात गेले, त्यांची जात त्या शोधासाठी कुणाला विचारावी लागली नाही.